सर, नवी बॅटरी घेऊ नका. आधी मागचा बोल्ट बघा

प्रश्न निपाणीहून आलाय, एका निवृत्त मुख्याध्यापकांचा. बीएस-6 मिनीबस घेऊन त्यांनी तिचं मोटरहोम करून घेतलंय. आत 100 अँपियर-अवरची लिथियम बॅटरी, गाडी चालताना ती भरायला 30 अँपियरचा डीसी-डीसी चार्जर, टपावर 200 वॅटचं सोलर, 1000 वॅटचा इन्व्हर्टर, 12 व्होल्टचा फ्रीज आणि छोटा गीझर. बाईंना घेऊन यल्लम्माला सौंदत्तीला गेले, तिथून बदामी. चार तास गाडी चालूनही घराची बॅटरी, म्हणजे आतली लिथियमची, 13.1 व्होल्टच्या वर सरकली नाही; आणि 13.1 म्हणजे तर भरलेली, असंही ते लिहितात. पहाटे फ्रीज बंद. सकाळी चटणीला मिक्सर लावला तर इन्व्हर्टर बोंबलून बंद पडला. परतताना हुक्केरीजवळ पाहुण्यांच्या मळ्यात मुक्काम केला, मळ्यातल्या प्लगवर गाडी जोडली, तर दाराच्या हँडलला झिणझिण्या. पुतण्यानं शेजारी सळई ठोकून अर्थिंग दिलं, तेव्हापासून गाडीतला आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती दिसली की लाईट तोडणारा स्विच, सारखा पडतोय. दुकानदार म्हणतो, बॅटरी गेली, नवी टाका.

सर, तुमच्या तीन तक्रारी आहेत आणि बहुतेक तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत. बॅटरी या यादीत सगळ्यात शेवटी येते. पण शेवटची तक्रार आधी घेतो, कारण बाकीच्यांत फार तर दूध नासेल, हिच्यात माणूस जाईल.

झिणझिण्या आल्या त्या क्षणी गाडीतून खाली पाय ठेवायचा नव्हता. आत उभं असताना काही कळत नाही, कारण तुम्ही आणि गाडीचा पत्रा एकाच पातळीवर असता. एक हात दारावर आणि एक अनवाणी पाय उसाच्या ओल्या सरीत पडला, की वाट पूर्ण होते. यापुढं असं जाणवलं तर दोन्ही पाय जोडून उडी मारून उतरा आणि आधी तिकडचा, म्हणजे मळ्यातला, स्विच बंद करा.

आता पुतण्याचं. त्याला रागावू नका, पोरानं नकळत निदान करून दिलंय. मळ्यातल्या प्लगला अर्थिंगच नव्हतं, म्हणून गळणारा करंट पत्र्यावर साचून बसला होता. सळई ठोकल्यावर त्याला जमिनीत जायची वाट मिळाली. गेलेला आणि परत आलेला करंट जुळेना, म्हणून आरसीसीबी पडायला लागला. घरगुती आरसीसीबी 30 मिलिअँपियरचा असतो, तेवढा फरक दिसला की तो पडलाच पाहिजे. म्हणजे तुमच्या गाडीत खरोखर कुठंतरी गळती आहे. कोणी सांगेल, "सर, तो डबा काढून डायरेक्ट करा की, कशाला कटकट." त्या माणसाला चहा पाजा आणि घरी पाठवा.

गळती शोधायची रीत सोपी आहे. आतली सगळी उपकरणं प्लगमधून बाहेर काढा. स्विच बंद करणं पुरत नाही. साधा एमसीबी (जादा करंट झाला की पडणारा खटका) फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि न्यूट्रल अर्थला टेकला तरी आरसीसीबी पडतो. मग आरसीसीबी चढवा, एमसीबी एकेक करून चढवा, नंतर उपकरणं एकेक लावा. पैज लावायची तर मी गीझरवर लावीन. एलिमेंटला बारीक चीर गेली की पाणी आत शिरतं. गीझर थंड असताना चालतो, दहा मिनिटांनी पाडतो. त्याखालोखाल बाहेरच्या बाजूचं जोडणीचं सॉकेट, झाकण तुटलेलं आणि आत चिखल. काहीच लावलेलं नसतानाही पडत असेल तर इन्व्हर्टरकडं बघा. इन्व्हर्टरचा न्यूट्रल आणि बाहेरच्या लाईटचा न्यूट्रल एकाच पट्टीवर बांधून टाकलेले मी कितीतरी गाड्यांत पाहिलेत. दोन्हींच्या मध्ये चेंजओव्हर, म्हणजे एका वेळी एकच बाजू जोडणारा स्विच हवा आणि तो फेज-न्यूट्रल दोन्ही बदलणारा, डबल पोलचा हवा.

आपल्या भागात मळ्यातला प्लग हा स्वतंत्र विषय आहे. मालक आतून ओरडतो, "करंट इल्ल री, संजीकं बरतैति," म्हणजे करंट नाही, संध्याकाळी येतो, आणि संध्याकाळी तो येतो तेव्हा काय घेऊन येतो हे मीटरलाच माहीत. पंपाच्या मोटारीच्या पेटीतून एक फेज घेतलेला असतो, न्यूट्रल दूरच्या डीपीवरून (ट्रान्सफॉर्मरवरून) कुठल्यातरी काटक्यावरून आलेला. तो न्यूट्रल वाऱ्यानं तुटला की 230 च्या जागी 300 च्या वर व्होल्टेज चढू शकतं, आणि घाईत कोणी दोन फेजच्या मध्ये जोडून दिलं तर 400. चार्जर, फ्रीज, सगळ्यांचा धूर. म्हणून गाडीची वायर लावण्याआधी तीन मापं घ्या. फेज ते न्यूट्रल 200 ते 250 च्या दरम्यान. फेज ते अर्थ जवळपास तेवढंच. न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्ट, फार तर पाच. फेज ते अर्थ शंभरच्या आसपास तरंगतंय किंवा काहीच दाखवत नाही, तर अर्थिंग नाही असं समजा आणि वायर गुंडाळून ठेवा. एक रात्र बॅटरीवर काढा. सळई ठोकणं हे खात्रीचं अर्थिंग नव्हे. उन्हाळ्यात काळी माती भेगाळली की त्या सळईचा जमिनीशी संबंध नावापुरताच उरतो.

आणि ती एक्स्टेन्शनची चकरी. मिक्सरपुरता लोड असेल तर गुंडाळलेली चालते, पण गीझर लावणार असाल तर चकरीवरची सगळी वायर उलगडून जमिनीवर पसरा. गुंडाळलेल्या वायरला उष्णता टाकायला जागा नसते, इन्सुलेशन वितळून आतल्या आत चिकटलेल्या चकऱ्या माझ्या गाळ्यात नमुन्याला ठेवल्यात. वायर 2.5 स्क्वेअर मिलिमीटरची हवी, पिन सोळा अँपियरची.

आता मूळ तक्रार: चार तास चालूनही बॅटरी भरत नाही.

इथं तुमचाच विषय कामाला येतो, गणित. 30 अँपियरचा चार्जर चार तास चालला तर 120 अँपियर-अवर जायला हवेत. बॅटरी 100 ची. अगदी रिकामी असती तरी भरून गेली असती. ती 13.1 वर राहिली याचा अर्थ चार्जर चाललाच नाही किंवा रडतरडत चालला. बॅटरी खराब असती तर लक्षण उलटं दिसलं असतं: व्होल्टेज झपाट्यानं 14 च्या वर चढलं असतं आणि लोड टाकताच कोसळलं असतं.

13.1 म्हणजे भरलेली, असं तुम्ही लिहिलंय. ती शिसे-आम्लाच्या बॅटरीची सवय. तिथं विसाव्याला 12.7 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी, 11.8 म्हणजे उतरलेली. तुमच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचं गणित वेगळं. तासभर काही न चालवता मोजलं तर 13.3 ला साधारण 90 टक्के, 13.2 ला 70, 13.1 ला 40, 12.9 ला 20. म्हणजे 13.3 पासून 13.1 पर्यंत, फक्त दोन दशांश व्होल्टमध्ये, अर्धी बॅटरी संपते. रविवारच्या बाजारातला दोनशे रुपयांचा मीटर एका दशांशानं सहज चुकतो, मग तो 40 टक्के सांगतोय की 70, हे कोण ठरवणार? त्यामुळे लिथियमवाल्या गाडीत मी व्होल्टमीटरवर भरवसा ठेवत नाही, शंटवाला बॅटरी मॉनिटर लावतो. आत गेलेले आणि बाहेर आलेले अँपियर मोजतो, बँकेच्या पासबुकासारखा.

मापं घ्यायला दोन वस्तू लागतील. एक, डीसी अँपियर मोजणारा क्लॅम्प मीटर. घेताना विचारून घ्या. स्वस्तातले बहुतेक क्लॅम्प फक्त एसी मोजतात आणि बॅटरीच्या वायरीवर शून्य दाखवतात. दुसरी वस्तू फुकटात होते: इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब, होल्डर आणि दोन वायरी. हा बल्ब माझा जुना सोबती आहे. मीटरला करंट फारसा लागतच नाही, त्यामुळे वायरीतला एकच तंतू शाबूत असला तरी तो ऐटीत 12.6 दाखवतो. बल्बला पावणेदोन अँपियर लागतात. मीटर 12.6 म्हणतोय आणि बल्ब लाल विस्तवासारखा मिणमिणतोय, तर मीटर थापा मारतोय असं समजा.

गाडी चालू करा, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून इंजिनाच्या बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवर मोजा. मग डीसी-डीसी चार्जरच्या आत येणाऱ्या बाजूला मोजा. मग बाहेर जाणाऱ्या बाजूला.

पहिलं माप 13.8 ते 14.4 आलं तर डायनमो ठीक आहे. बीएस-6 गाडीत मात्र एक गंमत होते. 1 एप्रिल 2020 नंतरच्या बऱ्याच गाड्यांत डायनमोची लगाम संगणकाच्या हातात आहे. इंजिनाची बॅटरी भरली की तो व्होल्टेज खाली आणतो, डिझेल वाचवायला. उतारावर पाय उचलला की पुन्हा वाढवतो. चोर्ल्याचा घाट उतरताना साडेचौदा, हायवेला सपाटीवर साडेबारा, असं मी बाजूला बसून पाहिलंय. अशा गाडीत जुन्या पद्धतीचा व्होल्टेजवर चालणारा रिले (व्होल्टेज वाढलं की दोन बॅटऱ्या जोडणारा खटका) कामाचा नाही. तुमच्याकडं डीसी-डीसी आहे ते बरं, पण त्यालाही "इंजिन चालू आहे" ही खबर वेगळ्या वायरीनं द्यावी लागते. ती वायर बसवणाऱ्यानं चुकीच्या फ्यूजवरून घेतली असेल तर चार्जर झोपूनच राहतो. चावी चालू केल्यावर त्या वायरीवर बल्ब लावा. पेटला तर खबर पोचतेय.

दुसरं माप खरं गुपित सांगतं. इंजिनाच्या बॅटरीवर 14.2 आणि चार्जरच्या तोंडाशी 12.6 असेल तर 1.6 व्होल्ट वाटेत सांडला. कुठं सांडला हे बघायला मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लस खुंटीवर आणि दुसरं चार्जरच्या प्लसवर धरा. जे दिसेल ती प्लसच्या वाटेवरची गळ. तसंच मायनस ते मायनस. लांब टेस्ट वायर लागेल, कुठलीही जुनी वायर चालते. मोजताना चार्जर भरात चालू पाहिजे. करंट नसेल तर गळही दिसत नाही, आणि सगळं ठणठणीत आहे असा समज होतो.

वायरीचा हिशोब करू. 30 अँपियर बाहेर द्यायला चार्जर आत सुमारे 36 ओढतो. पुढच्या बॅटरीपासून मागं सहा मीटर, येऊन-जाऊन बारा. 10 स्क्वेअरची तांब्याची वायर असेल तर पाऊण व्होल्ट वाटेतच जातो. 16 ची असेल तर अर्ध्याच्या आत, 25 ची असेल तर 0.3. मी 25 च टाकतो. दोन हजार वाचवून कोणी 6 ची टाकली असेल तर सव्वा व्होल्ट गेला. आणि वायर तांब्याची आहे का तेही बघा. टोकाचा एक तंतू ब्लेडनं खरवडा. आत पांढरं निघालं तर ते अॅल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा दिलेलं. दिसायला जाड, काम पातळ.

पण माझा अंदाज वायरीवर नाही, मायनसवर आहे. म्हणून शीर्षकात बोल्ट लिहिलाय.

गेल्या पावसाळ्यात खानापूरची एक गाडी आली होती, तुमच्यासारखीच तक्रार. तिघांनी बघितली होती, एकानं बॅटरी बदलली होती, दुसऱ्यानं चार्जर. मालक वैतागून म्हणाला, "काका, आता गाडीच विकूलालोय." प्लसच्या वाटेवर मला 0.3 व्होल्ट मिळाला, मायनसच्या वाटेवर 1.4. मागच्या सीटखाली गालिचा उचलला, तिथं मायनसची लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) एका बोल्टनं बॉडीला आवळलेली. बोल्ट घट्ट, पान्याला हलेना. बघणाऱ्याला वाटावं, यात काय चूक? बोट लावलं तर चटका. सोडवल्यावर कळलं: बसवणाऱ्यानं रंग खरवडलाच नव्हता. लगचा बूड रंगावर बसलेला, सगळा करंट बोल्टच्या आट्यांतून दोन-तीन धाग्यांवरून जात होता. रंग गोल आकारात करपून तपकिरी झाला होता, त्याखाली गंज, आणि जांबोटीच्या पावसानं आत शिरलेलं पाणी. पॉलिश पेपर मारून पत्रा चकाकेपर्यंत घासला, दातेरी वॉशर घातला, नवी तांब्याची लग हायड्रॉलिकनं दाबली, आवळल्यानंतर वरून पेट्रोलियम जेली फासली. आवळण्याआधी फासू नका, जेली करंट नेत नाही. गळ 1.4 वरून 0.1 वर आली. जुनी बॅटरी त्यानं घरी ठेवली होती, ती परत आणून लावली, आजही चालतेय.

तुमचा मिक्सरही बहुधा याच जातीचा आजारी आहे. 750 वॅटचा मिक्सर इन्व्हर्टरमार्फत 65 अँपियर ओढतो, सुरू होताना क्षणभर दुपटीच्या वर. आता एखाद्या सैल लगमध्ये फक्त शंभरांश ओहम अडथळा आहे असं धरा. 100 अँपियरला एक व्होल्ट तिथं पडला आणि 100 वॅट उष्णता तयार झाली. सोल्डरिंगची इस्त्री 25 वॅटची असते. तशा चार इस्त्र्या तुमच्या बिछान्याखाली एका लगमध्ये पेटल्यात. म्हणून मिक्सर चालवून बंद केल्यावर लगेच प्रत्येक जोड, फ्यूजची दोन्ही टोकं, मास्टर स्विच, बोटाच्या मागच्या बाजूनं चाचपा. गरम लागेल तिथं खोट आहे. माप हवं असेल तर मिक्सर चालू असताना बॅटरीच्या खुंटीवर आणि इन्व्हर्टरच्या खुंटीवर, दोन्हीकडं मोजा. बॅटरीवर 12.9 आणि इन्व्हर्टरवर 11.2 तर वायर किंवा जोड. दोन्हीकडं एकदम पडलं तर बॅटरी उतरलेली आहे. बॅटरीवर अचानक शून्य आलं तर तिच्या आतल्या बीएमएसनं (बॅटरीला जपणाऱ्या सर्किटनं) दार लावून घेतलं; त्याची मर्यादा 100 अँपियर असेल तर मिक्सरचा पहिला झटका ती ओलांडू शकतो. भांडं अर्धंच भरा, इंचिंगवर फिरवू नका. इंडक्शन शेगडीचा विचार या सेटवर मनातून काढून टाका.

फ्रीज पहाटे का बंद पडला हे आता वेगळं सांगायला नको. तरी त्याच्या स्वतःच्या वायरीकडं एकदा बघा. कॉम्प्रेसर सुरू होताना व्होल्टेज पडलं की तो स्वतःला वाचवायला थांबतो, आणि बसवणारे त्याला दिव्यांच्या बारीक वायरीवर जोडून देतात. त्याला 6 स्क्वेअरची वेगळी जोडी द्या.

सोलरवर फार वेळ घालवत नाही. 200 वॅटचं पॅनल चैत्रातल्या चांगल्या उन्हात दिवसाला 700-800 वॅट-अवर देतं, तुमचा फ्रीज, पंखा, दिवे मिळून जवळपास तेवढंच खातात. आषाढात कणकुंबीला उभे राहिलात तर पावभरही मिळणार नाही. एक गोष्ट मात्र आपल्याकडचीच: गळीत हंगामात संकेश्वर, चिकोडी, अथणी भागात मुक्काम असेल तर सकाळी टपावर काळी राख बसलेली असते, साखर कारखान्यांच्या चिमण्यांतून उडालेली. ओल्या फडक्यानं पुसा, आणि पुसल्यावर अँपियर किती वाढले ते बघा, तुम्हालाच नवल वाटेल. वायर सोडवायची वेळ आली तर आधी पॅनल सोडवा, मग बॅटरी, जोडताना उलट.

उसाच्या कडेला गाडी आठवडाभर लावली तर उंदीर वायर कुरतडतात, हेही ध्यानात ठेवा. मला एकदा फ्यूज नीट, वायर दिसायला नीट, तरी करंट नाही अशा गाडीत डॅशबोर्डमागं भुईमुगाच्या शेंगांचा अख्खा साठा सापडला होता.

कामाला बसण्याआधी मनगटावरचं घड्याळ आणि बोटातली अंगठी काढून ठेवा. लिथियमच्या दोन खुंट्यांमध्ये अंगठी आली तर ती बोटासकट लाल होते. पान्याच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळा. सोडवताना आधी मायनस, जोडताना शेवटी मायनस. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधी काढू नका, डायनमोचा झटका गाडीच्या संगणकाला खातो. आणि घराच्या बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत मोठा फ्यूज आहे का ते आजच बघा. नसेल तर बाकी सगळं राहू द्या, आधी तो बसवा.

मला चार आकडे कळवा: इंजिन चालू असताना पुढच्या बॅटरीचे व्होल्ट, चार्जरच्या तोंडाशी व्होल्ट, मायनस ते मायनस गळ, आणि मिक्सर चालू असताना इन्व्हर्टरच्या खुंटीवरचे व्होल्ट. मायनसची गळ अर्ध्या व्होल्टच्या वर आली तर निपाणीहून इथवर यायचीही गरज नाही, गालिचा उचला आणि पॉलिश पेपर घ्या. गीझरची पिन मात्र तोवर बाहेरच राहू द्या.